जुनेर कुणाला द्यायचं, काय विकायचं?



आज आरक्षण, उपवर्गीकरण, खासगीकरण यांपैकी कशावरही लिहिणार नाही. आमच्या घरातल्या अडगळीवर लिहिणार आहे. "चळवळीत दुसरे विषय संपले का?" असं ज्यांना वाटतंय त्यांनी निदान अर्ध्यापर्यंत वाचावं आणि मग शिव्या घालाव्यात.

गेल्या वर्षी आमच्या घरमालकानं घर विकायला काढलं. आम्ही इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमपासून अर्ध्या तासावर राहतो. नवं घर मिळालं ते आधीच्यापेक्षा एका खोलीनं लहान. म्हणजे एका खोलीभर सामान कमी करायचं होतं. त्याच वेळी आई सहा महिन्यांसाठी आली होती, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर तिचं मत ऐकून घेणं भाग होतं.

इथे नको झालेलं सामान विकायची एक रीत आहे, तिला कार बूट सेल म्हणतात. बूट म्हणजे गाडीची डिकी. १९७०च्या दशकापासून ही रीत इथे रुजली. उन्हाळ्याच्या दिवसांत रविवारी पहाटे गावाबाहेरच्या एखाद्या शेतात लोक गाड्या घेऊन येतात. जागेचं भाडं भरायचं (आम्ही १२ पौंड भरले), डिकी उघडायची, पुढे घडीचं टेबल मांडायचं आणि घरातलं सामान विकायचं. दुपारी शेत पुन्हा रिकामं. आपल्याकडे जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घेतात ना, त्यातली बोहारीण काढून टाका, की झाला कार बूट सेल. पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा धंदेवाला असतो. इथे कालचा गिऱ्हाईक आज टेबलामागे उभा असतो.

बैठकीच्या खोलीत आम्ही चार ढीग केले: ठेवायचं, विकायचं, द्यायचं, टाकायचं. पहिल्या दिवशी 'ठेवायचं' हा ढीग सगळ्यांत मोठा झाला, तेव्हा बायको म्हणाली, "मग खोलीपण नवीन बांधा."

काही निर्णय सोपे होते. मुलांची सायकल, खेळणी, बागेचं फावडं, दाताळं, अवजारांची पेटी हे विकायच्या ढिगात. अवजारं सगळ्यांत आधी जातात. भारतातून आणलेल्या मिक्सरला तीन गोल पिनांचा प्लग, तो इथल्या भिंतीत बसत नाही, म्हणजे कुणी घेणार नाही. हिटरची वायर खरचटली होती. दोन पौंडाला गेलाही असता, पण कुणाच्या घराला आग लागली तर? तो पालिकेच्या केंद्रावर नेऊन टाकला. धाकट्याची गाडीतली सीट दिसायला नवीकोरी होती. पण अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड आणि आतून तडकलेली असू शकते, म्हणून इतिहास माहीत नसलेली जुनी सीट घेऊ नये असं इथे सांगतात. आमची सीट कधी अपघातात सापडली नव्हती. पण केवळ माझ्या शब्दावर एखाद्यानं आपलं लेकरू का बसवावं? तीही टाकली.

खरी अडचण पुढे आली.

एका खोक्यात १४ सन्मानचिन्हं निघाली. लाकडी, काचेसारख्या प्लास्टिकची, एक चक्क घड्याळ बसवलेलं, ते बंद. जयंतीच्या कार्यक्रमात भाषण केलं, घ्या सन्मानचिन्ह. परिसंवादात बसलो, घ्या सन्मानचिन्ह. त्यावर माझं नाव, कार्यक्रमाची तारीख आणि बाबासाहेबांचं चित्र. ते विकणार कुणाला? आणि बाबासाहेबांचं चित्र असलेली वस्तू कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. मित्रांनो, एवढं जरा मनावर घ्या. चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणायची मोहीम आपल्याच पोरांनी चालवली. वक्त्याच्या बाबतीतही तसंच करा. पुस्तक द्या. तेही नको असेल तर चहा पाजा आणि सोडून द्या. मी शेवटी चित्रं काळजीपूर्वक सोडवून घेतली आणि बाकीचं टाकलं. माझं नाव कचऱ्यात गेलं, त्याचं काही वाटलं नाही.

पुस्तकांवरून बायकोशी वाजलं. शासनानं काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी पाच आमच्याकडे दोन-दोन आहेत, कारण आम्ही दोघांनीही लग्नाआधी दीक्षाभूमीवर रांगेत उभं राहून ते घेतलेले. ती म्हणाली, जास्तीचे विकू. मी म्हणालो, बाबासाहेब शेतात विकायला मांडायचे? त्यावर तिनं जे ऐकवलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली होती. पैसे वाचवून, दुकानांत धुंडाळून. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचं सामान वेगळ्या जहाजानं पाठवलेलं. ते जहाज पाणतीरानं बुडालं. सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, पुस्तकं मिळाली नाहीत. "ती दोन हजार पुस्तकं कुणीतरी विकायला काढली होती म्हणूनच त्यांना घेता आली ना?" बायकोचं म्हणणं एवढंच. चार खंड आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्ध विहारात दिले, तिथली पंजाबी आंबेडकरी मंडळी वाचणारी आहेत. 'जातिप्रथेचं विध्वंसन' ज्यात आहे तो पहिला खंड मात्र तिनं हट्टानं डिकीत ठेवला.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट कपड्यांची आणि भांड्यांची आहे.

मुलांचे कपडे चार पिशव्या भरून निघाले. लहान झालेले, पण चांगले. शाळेचे जांभळे स्वेटर, थंडीचे कोट. आईनं पिशवीत हात घातला आणि काढून घेतला. "अंगावरचं इकायचं? आनि कुनी घ्यायचं ते?" मी म्हणालो, इथे सगळे घेतात. ती म्हणाली, "घेनारं घेऊ दे. आपन कुनाचं घ्यायचं न्हाई."

आईच्या या वाक्यामागे काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मराठवाड्यातल्या तिच्या गावात वाड्यावर कुणी मेलं की प्रेतावरचं कापड महारवाड्यात यायचं. त्याला हक्क म्हणायचे! बावन्न हक्कांतला एक. सणावाराला वाड्यावरची जुनेरं यायची, ती पदर पसरून घ्यायची. धर्मांतरानंतर तिच्या वडिलांनी हे सगळं थांबवलं. वाड्यावरून आलेलं लुगडं त्यांनी परत धाडलं. त्या वर्षी माझ्या आजीनं एका लुगड्यावर वर्ष काढलं. रात्री धुवायचं आणि अर्धं ओलं सकाळी नेसायचं. आईला हे आजीनं सांगितलं, आईनं मला, आणि आता ती माझ्या मुलीला सांगत होती. मुलगी इंग्रजीतून विचारत होती की मग आजीनं दुकानातून दुसरं का नाही आणलं.

जुनेर अंगावर आलं ते गरिबीमुळे, असं सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. गरीब तर गावात इतरही होते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, त्याच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरावं ते लिहूनच ठेवलंय: वस्त्रं मेलेल्यांची, जेवायला फुटकी भांडी, दागिने लोखंडाचे. म्हणजे ती टंचाई नव्हती, तो कायदा होता. कुणाच्या अंगावरून उतरलेलं कुणाच्या अंगावर जाईल हे ठरलेलं होतं, आणि ते एकाच दिशेनं जायचं. त्याच महाडला बाबासाहेब आपल्या बायकांना लुगडं कसं नेसायचं, कथलाचे दागिने का टाकायचे हे सांगत बसले. हे बारीकसारीक मुद्दे नव्हेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ हवा, असं ते म्हणाले. उतरलेला चालेल असं ते कधी म्हणाले नाहीत.

आता माझी चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी गावाकडे जाताना मी एक बॅगभर कपडे नेले होते. माझे कोट, स्वेटर, मुलांचे कपडे. चांगले, धुतलेले, इस्त्री केलेले. मनात भाव असा की चुलतभावांच्या पोरांना होतील. ओसरीवर बॅग उघडली. धाकटा चुलतभाऊ कपडे बघत राहिला आणि हसून म्हणाला, "दादा, आमाला जुनेरं आणलास व्हय?" तो चेष्टेनं बोलला, वहिनीनं त्याला दटावलं, चहा झाला. बॅग तिथेच ठेवून मी परत आलो. त्यातला एकही कपडा मी नंतर कधी कुणाच्या अंगावर पाहिला नाही. समाजाला परत द्यायचं म्हणून मी भाषणं ठोकतो, आणि भावाच्या ओसरीवर मी वाड्यावरचा झालो होतो.

म्हणून या वेळी 'द्यायचं' या ढिगापुढे मी जास्त वेळ बसलो. द्यायचं कुणाला? इथे धर्मादाय दुकानं आहेत, पिशवी दारात ठेवून यायचं, घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही, त्यालाही आपलं दिसत नाही. ते बरं. पण मला विकून बघायचं होतं.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. आईपण आली, "मी नुसती बघनार" म्हणत. सहाला शेतात पोचलो, धुकं होतं. डिकी अजून पुरती उघडली नव्हती तोवर तीन-चार माणसं बॅटऱ्या घेऊन आली आणि थेट खोक्यांत हात घालू लागली. हे दलाल. स्वस्तात घेऊन दुसरीकडे विकतात. अवजारांची पेटी टेबलावर मांडायच्या आत गेली. मी पंधरा पौंड म्हणालो, त्यानं दहाची नोट माझ्या हातात कोंबली आणि पेटी उचलली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, पहिला अर्धा तास डिकीचं झाकण खालीच ठेवा.

मग सात वाजता खरे लोक आले. म्हातारी जोडपी, पोलंड-रुमेनियाकडची कुटुंबं, आफ्रिकेतून आलेल्या बाया, आपल्यासारखे देशी, आणि इथले गोरे गरीब. हो, गोरे गरीब. आपल्या पोरांना वाटतं इंग्लंडात सगळे साहेब असतात. पन्नास पेन्सचं पंचवीसला मागणारा साहेब इथे पाहून घ्यावा. प्रेशर कुकरला गोरे लोक बाँबसारखे बिचकत होते, तो एका नायजेरियन बाईनं घासाघीस करून सहा पौंडाला नेला. छापायचं यंत्र, चाळीस पौंडाला घेतलेलं, दोन पौंडालाही गेलं नाही. वस्तूला आपण काय मोजलं होतं याच्याशी त्या शेतातल्या किमतीचा काही संबंध नसतो.

साडेआठच्या सुमारास एक तरुण बाई आली, सोबत दोन मुलं. आमच्या मुलांच्याच शाळेचा जांभळा स्वेटर तिनं उचलला, मुलाच्या पाठीला लावून पाहिला. आणखी दोन काढले. मग पाकीट उघडून चिल्लर मोजायला लागली. ती मोजताना ओठ हलवत होती. मला राहवलं नाही. म्हणालो, असू द्या, तसेच घेऊन जा. तिनं वर पाहिलं. चेहरा बदलला. म्हणाली, नको, किंमत सांगा. मी म्हणालो, तिन्हींचे मिळून एक पौंड. तिनं नाणी एकेक करून टेबलावर मांडली, सगळी मिळून बरोबर एक पौंड, आणि मगच स्वेटर पिशवीत घातले.

आई मागे खुर्चीवर बसून बघत होती. भाषा कळत नव्हती, पण तिला सगळं कळलं. ती बाई गेल्यावर म्हणाली, "शहानी हाय." आणि जरा वेळानं हसायलाच लागली. "आरं, सायबाची लेकरं आपल्या लेकराची अंगडी घालनार की! तुजा आज्जा असाय पायजे हुता."

किमतीनं माणूस मोकळा होतो, असं त्या क्षणी मला वाटलं. पौंड ठेवला, स्वेटर घेतला, कुणाचे उपकार नाहीत, पुन्हा दिसलो तर मान खाली घालायला नको. दान वरून खाली येतं. विकत घेणारा समोर उभा राहून घासाघीस करतो. हे मी मनातल्या मनात लेखासाठी जुळवतही होतो.

ते तासभरच टिकलं.

भांड्यांच्या खोक्यात एक स्टीलचा डबा होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'भीमजयंती, संगीत खुर्ची, पहिला क्रमांक'. बायकोनं कॉलेजात असताना जिंकलेला. झाकण हरवल्यामुळे दुसऱ्याच डब्याचं झाकण त्यावर बसवलंय. म्हणून तो विकायच्या ढिगात.

एक मराठी कुटुंब आलं. आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून बाई आनंदानं थांबल्या. कुठले तुम्ही, किती वर्षं झाली, इकडे चांगलं पीठ कुठं मिळतं. आईला "काकू, थंडी सोसते का?" म्हणाल्या. गोड बोलत होत्या. स्टीलची भांडी बघून खूश झाल्या, चार वाट्या आणि पळी बाजूला काढली. मग डबा उचलला, फिरवला, वाचला. क्षणभर थांबल्या. डबा खाली ठेवला. "झाकण जरा सैल आहे हो," म्हणाल्या. मग वाट्याही हळूच परत खोक्यात ठेवल्या. पळीही. आडनाव विचारलं, मी सांगितलं. "अच्छा, अच्छा" म्हणत पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, सरळ आहे. पण झाकण खरंच सैल होतं. वाट्या तिला नको झाल्या असतील. नवऱ्यानं मागून हाक मारलेली मी ऐकली होती. घरी येताना बायको म्हणाली, शंभर टक्के तेच. आई म्हणाली, "झाकन सैलच हाय रं." जिनं आयुष्यात दोन हात लांबून ओतलेलं पाणी प्यायलं ती संशयाचा फायदा देत होती, आणि इथे जन्मलेली माझी मुलगी मागच्या सीटवरून विचारत होती, व्हॉट हॅपन्ड?

इथल्या कायद्याचं घोडं नेमकं इथेच अडलंय. २०१०च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. २०१३ मध्ये संसदेनं 'करू शकेल' काढून 'करावंच' असं केलं. विरोधात कोण उभं राहिलं? इथल्या हिंदू संघटना. म्हणे इथे जात नाहीच, कायदा केला तर ती येईल. २०१८ मध्ये सरकारनं हात झटकले: वेगळी तरतूद नको, न्यायालयं बघून घेतील. २०१४च्या एका निकालात जात ही वांशिक मूळ या व्याख्येत बसू शकते असं अपिलीय न्यायाधिकरणानं म्हटलं होतं, त्यावर बोट ठेवून. आणि समजा कायदा नीट असता, तरी शेतात परत ठेवलेल्या चार वाट्यांचा खटला कुणी चालवणार नाही, मलाही चालवायचा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी सकाळपासून साठ-सत्तर माणसांनी आमच्या वस्तू हाताळल्या. प्रत्येकानं फक्त किंमत विचारली. आडनाव एकीनंच विचारलं, आणि ती माझी भाषा बोलणारी होती.

मघाचं माझं किमतीचं तत्त्वज्ञान तिथेच पातळ झालं. बाजार सगळ्यांना सारखा, हे आपल्या लोकांना कुणी सांगू नये. गावात आपल्या माणसाच्या म्हशीचं दूध कुणी विकत घेत नव्हतं. त्यानं चहाची टपरी टाकली तर पुढे बाकडी रिकामी. पैसे चोख, माल चोख, तरी गिऱ्हाईक नाही. जांभळ्या स्वेटरच्या बाईला किमतीनं मोकळं केलं, कारण तिच्या-माझ्यात फक्त पौंड होता. डब्यावर पौंडाच्या आधी काहीतरी लिहिलेलं होतं.

एकूण ८६ पौंड आले, भाडं आणि पेट्रोल वजा करून. पहिला खंड गेला नाही. एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं तो उचलून बराच वेळ चाळला, हा सूटमधला माणूस कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, माझे डोळे आता एवढं जाड पुस्तक वाचू देत नाहीत. बायको म्हणाली, बघ, विचारलं तरी.

रात्री आमची चर्चा झाली. ज्या भांड्यांवर नावं आहेत ती काढून ठेवू, साधी तेवढी विकू, असं मी म्हणालो. घरात शांतता पसरली. मग बायकोनं विचारलं, "म्हणजे आपण आडनाव लपवून भाड्यानं घर शोधायचो तसं?" आम्ही पुण्यात असताना तसं शोधलं होतं. मी गप्प बसलो.

पुढच्या रविवारी राहिलेलं सामान घेऊन पुन्हा गेलो. डबा टेबलाच्या अगदी पुढे, अक्षरं बाहेरच्या बाजूला करून ठेवला. आत बायकोनं चॉकलेटं भरली, येणाऱ्या पोरांसाठी.

त्या दिवशी आणखी एक झालं. शेजारच्या टेबलावर सिमेंटचं बुद्धाचं डोकं होतं, मानेपासून वरचं. इथे लोक ते बागेत शोभेला ठेवतात, कुंड्यांच्या मध्ये, बेडकाच्या पुतळ्याशेजारी. आईनं ते पाहिलं आणि उठली. धडाविना बुद्ध पाहून तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मला चार पौंड मागितले, पाचाचं चाराला केलं, खुणांनी, आणि डोकं पदरात गुंडाळून घेऊन आली. घरी भांड्याच्या साबणानं घासून धुतलं, नव्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

मी म्हणालो, "आई, आपण कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही ना?"

"ते काय अंगावर घालायचंय व्हय?" म्हणाली.

डबा गेला नाही. दोन्ही रविवार. आता हंगाम संपला, तो माळ्यावरच्या खोक्यात आहे, वर कागदावर 'एप्रिल' लिहून. आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. फोनवर अधूनमधून विचारते, गेला का डबा. मी म्हणतो, अजून नाही. मग ती सांगते की किंमत कमी करू नको. बायकोनं ती तशीही एकाची तीन पौंड करून ठेवली आहे.